'रान' म्हणजे शेत की जंगल? (हिंदी अनुवादासाठी तातडीने मदत हवी)

कातळसडा:
आमच्या वाचनगटासाठी मराठी ग्रामीण पुस्तकांची हिंदीत छोटी ओळख-पुस्तिका करतेय. गटात निम्मे लोक इंदूर-भोपाळकडचे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', उद्धव शेळक्यांची 'धग', आनंद यादवांची 'गोतावळा', गोनीदांची 'पडघवली', बोराड्यांची 'पाचोळा' अशी निवड आहे. पुस्तकाचं नाव मराठीतच ठेवायचं आणि खाली हिंदी अर्थ द्यायचा. बाकी सगळं सुरळीत चाललं, अडलंय ते ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता'वर. मी 'जंगल की कविताएँ' असं लिहिलं. सासूबाईंनी (माहेर तासगाव) कागद बघितला आणि म्हणाल्या, "जंगल कुठनं काढलंस? रान म्हंजे शेत. आमच्यात सकाळी सगळी रानातच जायची, ती काय वाघाला भेटायला?"

मी रत्नागिरीची. आमच्याकडे रान म्हणजे करवंदं, जांभळं, सरपण. भाताच्या खाचराला कुणी रान म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नाही. बरं, 'खेत की कविताएँ' लिहावं तर कृषी खात्याचं माहितीपत्रक वाटतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाणंदीतला पाटील:
सासूबाईंना साष्टांग. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं "ऊस तुटला, रान मोकळं झालं", "रान वाफशावर आलंय", "दीड एकर रान इकलं त्यानं". यातल्या कुठल्या वाक्यात झाडं दिसतात सांगा. विहिरीचं, कॅनॉलचं पाणी असलं की त्याला मळा म्हणायचं. 'गोतावळा'तला नारबा मालकाच्या मळ्यात राबतो, तो मळा. जिरायत असो, बागायत असो, एकूण जमीन म्हणजे रान.

धुऱ्यावरचा:
आमच्या वऱ्हाडात रानबी नाही न् मळाबी नाही. वावर! सकाळी वावरात, संध्याकाळी वावरातून. 'धग'मधली कौतिक आमच्याकडची, तिला "रानात चाल" म्हटलं तर ती कायले येते? आता तर ट्रॅक्टरच्या मागं लिहिलेलं असते, 'वावर हाय तर पावर हाय'. तुमच्या रानाला जुळेल असं काही आहे का? (ह. घ्या.)

शुद्धमती:
चर्चा भरकटू नये म्हणून व्युत्पत्ती सांगून ठेवतो. संस्कृत अरण्य, प्राकृत रण्ण, मराठी रान. प्रमाण मराठीत रानडुक्कर, रानमांजर, रानभाजी, रानटी, आडरान या सर्व शब्दांत 'न कसलेली जमीन' हाच भाव आहे. शेत हा अर्थ प्रादेशिक आणि भ्रष्ट आहे. पुस्तकाच्या नावात कवी प्रमाण अर्थच योजणार. कातळसडाताई, तुमचं 'जंगल' योग्य आहे.

पाणंदीतला पाटील:
भ्रष्ट? आम्ही पिकवायचं, तुम्ही खायचं आणि वर शब्द आमचा भ्रष्ट?

शुद्धमती:
भाषाशास्त्रीय अर्थाने म्हणालो, व्यक्तिगत घेऊ नये.

तळटीप:
शुद्धमती, अरण्यापर्यंत पोचलात तसे आणखी एक पायरी मागे चला. 'अरण' म्हणजे दूरचं, परकं, आपलं नव्हे ते. अरण्य म्हणजे परक्या बाजूची जमीन. तिथं झाडी असेलच असं शब्दात कुठेही नाही. वैदिक भाषेत जोडी ग्राम आणि अरण्य अशी असते, पशूही ग्राम्य आणि आरण्य. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातल्या अरण्यानी सूक्तात (146वं) कवी अरण्याच्या देवतेला विचारतो की तू गावाची विचारपूस का करत नाहीस. म्हणजे अरण्याची व्याख्या काय उगवतं यावर नसून गावापासून ते कुठल्या अंगाला आहे यावर आहे. घराकडे पाठ करून वेस ओलांडली की रान. तिथं पुढं कुणी नांगर धरला आणि कुणी करवंदं खाल्ली. तासगावचा अर्थ मला तरी मुळाशी जास्त इमानी वाटतो.

गावकामगारांच्या भाषेत हीच विभागणी मातीच्या रंगावरून होती. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसायची. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाडा'त (1915) ही जोडी सापडेल. ग्रामीण कादंबरी वाचायला घेण्याआधी हे पुस्तक वाचावं असं माझं मत आहे, पण ते कुणी ऐकत नाही.

धुऱ्यावरचा:
मग वावर कुठून आला तेही सांगा की. माझं मत, माणूस जिथं वावरतो ते वावर.

तळटीप:
उलटंही असू शकतं. वावरणे हे व्यापार, व्यापृत या कुळातलं वाटतं मला. कामात गुंतणे. पण पैजेवर सांगणार नाही.

ससाणा:
कच्छचं रणही यातलंच ना? रण, रान, अरण्य. अर्थ तिन्हीकडे ओसाड.

तळटीप:
नाही. ते 'इरिण'पासून धरतात, खारवट उजाड जमीन. ध्वनी सारखे दिसतात म्हणून सोयरीक जुळवायची नसते.

मांडवीकाठ:
गोव्यात रान म्हणजे रानच. भाताला शेत, त्यातही खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेलं खाजन आणि वरच्या अंगाचं मोरड. सुपारीचं कुळागर. तासगावच्या आजींना आमच्याकडे 'रानात' पाठवलं तर काजू गोळा करून येतील.

शिवारफेरी:
महानोर आमच्या बाजूचे म्हणून लिहितो. पळसखेडं सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथं उभं राहिलं की ज्वारीचा शेवटचा तास आणि डोंगराची पहिली झाडी यांच्यात फार अंतर दिसत नाही. 'रानातल्या कविता' 1967 सालचा संग्रह. तेव्हा हा माणूस गावात राहून स्वतः शेती करत होता. पुढं विधान परिषदेत गेले तरी बोलत राहिले ते पाणी आणि फळबागांवरच. त्यांच्या कवितेत पीक, पाखरं, पाऊस आणि बाईमाणूस एकाच ठिकाणी उभे असतात. त्यातलं नुसतं पीक उचलून 'खेत' म्हणाल तर अर्धी कविता बाहेर राहते. 'जंगल' म्हणाल तर कवीच बाहेर राहतो.

मी असतो तर शिवार म्हटलं असतं. गावाची सगळी जमीन, ओढे-नाल्यांसकट. जलयुक्त शिवार आल्यापासून तो शब्द पुण्या-मुंबईतही कळतो.

शुद्धमती:
हिंदीत 'शिवार' कोण समजणार? आणि शिवार हा शिवेवरून, म्हणजे सीमेवरून आलेला शब्द. मुंबईतलं शीव स्टेशन तेच.

ससाणा:
शीव, ज्याचं सायन केलं. यावर वेगळा धागा व्हायला हवा.

नर्मदापार:
मी मूळ सागरची, लग्नानंतर नागपूरची. दोन गोष्टी सांगते. एक, हिंदी पट्ट्यात 'जंगल जाना' म्हणजे सकाळी लोटा घेऊन जाणं. तुमचे भोपाळचे वाचक 'जंगल की कविताएँ' वाचून आधी गालातल्या गालात हसतील. दोन, आमच्या बुंदेलीत एक शब्द आहे, 'हार'. "दद्दा हार में हैं" म्हणजे वडील गावाबाहेर शेताकडे गेलेत. त्यात शेतही येतं, चराईही येते, झुडपंही येतात. रानाच्या इतका जवळचा शब्द मला तरी दुसरा माहीत नाही.

पाणंदीतला पाटील:
लोटा घेऊन जाण्यालाही आमच्यात रानातच जाऊन येतो म्हणत होते. म्हणजे बघा, रान किती कामाचं.

मिरासदार नव्हे:
सगळे शेत-जंगल करताय, 'जिवाचं रान करणे'चं काय? शेत धरलं तर 'जीव नांगरून काढणे', म्हणजे राबणे. सरळ अर्थ लागतो.

शुद्धमती:
अजिबात नाही. रान करणे म्हणजे उजाड करणे. स्वतःच्या जिवाची पर्वा न करता त्याचं ओसाड रान होऊ देणे. उलट तुमच्या अर्थाने 'घराचं रान झालं' कसं लावणार? घरात काय भुईमूग लावला?

मिरासदार नव्हे:
आणि 'रान उठवणे'?

शुद्धमती:
ते शिकारीतलं. हाकारे घालून जनावर उठवायचं. उसात हाकारा घालतात का?

पाणंदीतला पाटील:
घालतात की. डुकरं आली की रात्रभर ऊसातच हाकारा असतो. या एकदा.

कातळसडा:
हे सगळं छान आहे, पण मला शुक्रवारी छापायला द्यायचंय. 'जंगल'वरून मी अजून हललेली नाही. 'हार' मला आवडला, पण इंदूरकरांना तो गळ्यातला वाटेल.

माणदेशी:
ताई, ते ठेवा बाजूला. 'बनगरवाडी'खाली काय लिहिलंय ते आधी सांगा. हिंदीवाला 'वाड़ी' वाचून बगीचा समजणार.

कातळसडा:
'बनगरों की बस्ती' लिहिलंय.

माणदेशी:
वस्ती नाही हो! वाडी वेगळी, वस्ती वेगळी. वाडी म्हणजे चाळीस-पन्नास घरांचं लहान गाव, कारभारी असतो, देऊळ असतं, जमलं तर शाळा. माडगूळकरांनी 1955 सालच्या त्या कादंबरीत पोरगेला मास्तर आणलाय तो अशा वाडीवर. तिथली माणसं मिळून तालीम बांधतात. शेवटी दुष्काळात मेंढरं घेऊन धनगर जगायला बाहेर पडतात आणि वाडी मोकळी होते. वस्ती असती तर उठायला असं गावच नसतं. आमच्याकडं वस्ती म्हणजे रानात एकट्यानं बांधलेलं घर. "तो वस्तीवर ऱ्हातो" म्हटलं की गावात त्याचं कायमचं बिऱ्हाड नाही असं समजायचं.

आणि कुणी वाडा म्हणू नका. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, पेशव्यांचा नव्हे.

तळटीप:
राम देशमुखांनी 1958 मध्ये इंग्रजी अनुवाद केला, त्याला 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' असं नाव दिलं. लोक त्याला फार सैल म्हणतात. माझ्या मते त्यांनी वाडी बरोबर पकडली. मोठ्या गावाला गावकूस असतं, वेस असते. वाडीला कुठलं?

मांडवीकाठ:
कोकणात आणि आमच्याकडे वाडी म्हणजे गावाचाच एक भाग. नाहीतर नारळी-पोफळीची बाग. तिला गडगाही असतो. मग नो वॉल्स कसं?

कातळसडा:
बरोबर, 'पडघवली' वाचताना वाडी म्हटलं की मला तीच वाडी दिसते. अंबावहिनी ज्या गावाबद्दल बोलते त्यात चिऱ्याचे गडगे पावलोपावली.

माणदेशी:
तुमच्याकडं दगड फुकट आहेत. आमच्याकडं दगडही फुकट आहेत म्हणा, पण राखायला आत काही नाही.

धुऱ्यावरचा:
वस्ती म्हणजे एकटं घर? मग रात्री 'वस्तीची एसटी' येते ती काय एकट्या घरापाशी थांबते?

माणदेशी:
ती मुक्कामी गाडी. वस्तीची एसटी कोण म्हणतं?

शिवारफेरी:
आम्ही म्हणतो. वस्तीला राहणं म्हणजे रात्र काढणं. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेत झोपायचे, पहाटे तीच गाडी तालुक्याला.

पाणंदीतला पाटील:
आमच्यात मुक्कामीच. वस्तीची म्हणणारा सोलापूरकडचा असतो.

ससाणा:
मी सोलापूरचा. मुक्कामी म्हणतो.