फितूर, रुजू की गोतास काळ? परचक्रात वाकलेल्या माणसाला काय म्हणायचं

नाटकवेडी
एकांकिका लिहिते आहे. परग्रहावरून आलेल्यांनी शहर ताब्यात घेतलंय. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. फक्त रोज सकाळी त्यांना दोनशे माणसं लागतात. कशाला ते कुणाला ठाऊक नाही, आणि गेलेला कुणी परत आलेला नाही. माणसं ते स्वतः पकडत नाहीत. महापालिकेतल्या एका कारकुनाला त्यांनी वॉर्डवार याद्या करायला बसवलंय. नाही म्हटलं तर पहिलं नाव त्याच्या मुलीचं. तो याद्या करतो. शेजारच्या टेबलावरची बाई मात्र पेन खाली ठेवते आणि सही करत नाही.

या दोघांसाठी मला शब्द हवेत. दिग्दर्शक म्हणतो, "तो फितूर, ती शूर, विषय संपला." मला फितूर खटकतोय, पण का ते नीट सांगता येत नाहीये. 'सहयोगी' लिहिलं तर तो कॉलेजातला सहयोगी प्राध्यापक वाटतो.

वाईकर
सरळ गद्दार म्हणा की.

नाटकवेडी
नको हो. गेल्या काही वर्षांत तो शब्द इतक्या सभांमधून ऐकलाय की प्रेक्षक हसतील.

दप्तरी
ताई, फितूर खटकतोय ते बरोबर आहे. फितुरीला दोन गोष्टी लागतात. माणूस आतला असावा लागतो आणि काम चोरून व्हावं लागतं. दिवसा धन्याचं मीठ खाऊन रात्री गडाचा दिंडीदरवाजा उघडणारा तो फितूर. शब्द अरबी. तिकडे फुतूर म्हणजे ढिलाई, गळाठा, जोर ओसरणं. हिंदीत त्याचं डोक्यातलं खूळ झालं, आपल्याकडे निष्ठा ढिली पडणं एवढाच अर्थ उरला. तुमचा कारकून आतला आहे खरा, पण चोरून काय करतो? उजेडी, सगळ्यांसमोर, खुर्चीवर बसून याद्या करतो. त्याला फितूर म्हटलं तर त्याच्या कामातलं जे भयंकर आहे, त्याचं उघड आणि कचेरीतलं असणं, तेच निसटतं.

तुमच्या परग्रहवाल्यांना मात्र मराठीत तयार शब्द आहे: परचक्र, म्हणजे परक्यांची स्वारी. आणि परचक्र आलं म्हणजे गावचा देशमुख किंवा पाटील काय करतो, यासाठी जुन्या कागदांत क्रियापदांचा चांगला साठा आहे. तो 'भेटतो', 'कौल घेतो', 'रुजू होतो' म्हणजे चाकरीत हजर होतो, 'सलूख करतो' म्हणजे तह करतो. कौल म्हणजे अभयाचा कागद: तुमच्या गावाला धक्का लागणार नाही, तुम्ही वसूल बिनबोभाट पोचवा. हे शब्द त्या कागदांत शिवीसारखे येत नाहीत, पाऊस पडला म्हणावं तसे येतात. गाव जगवायचं तर कौल घ्यावा लागे, ही त्या काळची रीत होती.

त्याला मोठा आक्षेप घेतला तो रामचंद्रपंत अमात्यांनी. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा कारभार हुकूमतपनाह, म्हणजे मुख्य कारभारी, म्हणून त्यांच्याकडे होता. वतनासाठी माणसं आज इकडे तर उद्या तिकडे कशी जातात ते त्यांनी पाहिलं होतं, आणि माणसं धरून ठेवायला आपल्याही बाजूला वतनं वाटावी लागली तेही पाहिलं होतं. पुढे आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात त्यांनी वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंद, म्हटलं आहे. परचक्र आलं की हे वतनाच्या आशेनं आधीच सलूख करतात, जाऊन भेटतात आणि इकडचा भेद, म्हणजे गुपित, तिकडे नेऊन शत्रूला आत घेतात, असा तिथला रोख आहे. बघा, भेटणं आणि भेद देणं त्यांनी एका दमात घेतलं. तोवर ती दोन वेगळी कामं होती.

वकीलकाका
दप्तरी, 'चोरून' ही तुमची अट आज टिकत नाही. आमच्याकडे रोज "साक्षीदार फितूर झाला" म्हणतात, आणि तो भर कोर्टात, न्यायाधीशांसमोर, शपथेवर होतो. त्यात चोरटं काय? कायद्यातही हा शब्द नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये इतकंच होतं की कोर्टाच्या परवानगीनं पक्षकाराला स्वतःच आणलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारता येतात. फितूर हे नाव लावलं आम्ही वकिलांनी आणि वार्ताहरांनी.

आणि नाटकवेडीताईंना हवा तो मुद्दा इथेच आहे. यातले कितीतरी भीतीपोटी फिरतात. आरोपीची माणसं घरासमोर मोटारसायकल लावून नुसती बसतात, तोंडातून धमकीचा शब्दही काढावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली ती काही साक्षीदार लोभी असतात म्हणून नव्हे. तरी पेपरात मथळा येतो तो 'फितूर'च. धमकावलेल्या माणसाला आणि पैसे खाल्लेल्याला आपण एकच शब्द लावतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

वाईकर
पैसे खाणाऱ्याला निराळा शब्द आहे ना: फुटला. पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर, १८९७ मध्ये, सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं आणि चाफेकरांची माहिती देऊन द्रविड बंधू फुटले. त्यांच्या मुलीला कुणी उचलून नेणार नव्हतं. तुमचा कारकून फुटलेला नाही, दबलेला आहे.

दप्तरी
दबलेला चांगला आहे. वकीलकाका, तुमची हरकत मान्य, आजच्या वापरात चोरटेपणाची अट सुटली आहे. पण अन्यायाचं म्हणता त्याच्या मुळाशी वेगळं काही आहे असं मला वाटतं. फितूर हा शब्द ज्याला लावतात तो स्वतःबद्दल कधीच वापरत नाही. तो ज्याची बाजू सुटली त्याच्या तोंडचा शब्द आहे.

१६५९ चंच घ्या. अफझलखानाच्या स्वारीआधी जूनमध्ये आदिलशहाचं फर्मान मावळच्या देशमुखांना गेलं: खानाला सामील व्हा. रोहिड खोऱ्यातले दोन देशमुख दोन वाटांनी गेले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कारीचे कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. पाणी सोडणं हा आज नुसता वाक्प्रचार आहे, परीक्षेच्या मार्कांवरही आपण पाणी सोडतो. तेव्हा तो विधी होता, दान देताना हातावरून उदक सोडतात तसा. सोडलं की वस्तू आपली उरत नाही.

आता हेच विजापूरच्या कचेरीत बसून वाचा. रोहिड खोरं कागदोपत्री आदिलशाहीचं. फर्मान रीतसर. तिथल्या चिटणिसाच्या लेखी खोपडे हुकमाचे ताबेदार, आणि फितूर कोण? कान्होजी.

वाईकर
आणि खानाला परचक्र तरी कसं म्हणणार? तो दहाएक वर्षं आमच्या वाईचा सुभेदार होता. लोक त्याला ओळखत होते.

दप्तरी
म्हणूनच. ते परचक्र आहे की आपलाच सरकारी अंमल, हे त्या दिवशी ज्याचं त्यानं ठरवलं. कान्होजींनी परका कोण ते ठरवलं आणि मग पाणी सोडलं. ताईंच्या एकांकिकेत ही सोय नाही, तिथे परके दिसायलाच परके आहेत. नाटक म्हणून मला ती जरा सोपी वाट वाटते, राग मानू नका. पहिल्या दहा मिनिटांत तरी ते माणसांसारखे दिसू द्या.

खोपड्यांचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. खान पडल्यावर ते शरण आले, रदबदली केली ती कान्होजींनीच. जीव राहिला, पण उजवा हात आणि डावा पाय कलम झाला.

दूरदेशी
मी पोलंडमध्ये नोकरी करतो, म्हणून इथलं उदाहरण. वूच शहरात जर्मनांनी ज्यूंचा घेट्टो केला आणि चाइम रुमकोव्स्की नावाच्या ज्यू माणसाला त्याचा प्रमुख नेमलं. त्याचं म्हणणं असं की आपण कामाचे ठरलो तर जगू. कारखाने चालवले, शिस्त लावली. सप्टेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दहा वर्षांखालची मुलं, म्हातारे आणि आजारी माणसं मागितली, तेव्हा त्यानं भर सभेत आईबापांना सांगितलं की मुलं माझ्या हवाली करा. पंधरा हजारांवर माणसं खेल्म्नोच्या मृत्युछावणीत नेऊन मारली. वूचचा घेट्टो पोलंडमध्ये सर्वांत शेवटपर्यंत टिकला, ऑगस्ट १९४४ पर्यंत, आणि मग रुमकोव्स्कीही ऑशवित्झला गेला.

वॉर्सातला त्याचा समपदस्थ आदाम चेर्न्याकूव. जुलै १९४२ मध्ये तिथून माणसं न्यायला सुरुवात झाली. अनाथाश्रमातली मुलं तरी वगळा म्हणून तो विनवण्या करून थकला आणि २३ जुलैला त्यानं विष घेतलं. काम थांबलं नाही. सप्टेंबरपर्यंत तिथून अडीच लाखांहून जास्त माणसं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेली.

इथे फितूर हा शब्द घशातून बाहेर येत नाही. रुमकोव्स्कीनं कुणाचं मीठ खाल्लं होतं? पण नुसतं 'दबलेला' म्हटलं तर ते फार स्वस्तात सुटल्यासारखं होतं, कारण तो दबून गप्प बसला नाही, त्यानं ते काम नीट केलं. इस्रायलनं १९५० मध्ये नाझी आणि नाझींच्या साथीदारांसाठी जो कायदा केला, त्याखाली छावण्यांतल्या काही ज्यू मुकादमांवरच खटले भरले. म्हणजे त्यांनाही हा प्रश्न सुटला नव्हता.

युरोपात त्या सभ्य शब्दाचं काय झालं तेही सांगतो. जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्सचा प्रमुख पेताँ यानं ऑक्टोबर १९४० मध्ये माँत्वारच्या स्टेशनावर हिटलरशी हात मिळवला, सहाव्या दिवशी रेडिओवरून 'कोलाबोरास्याँ', म्हणजे सहकार्य, जाहीर केलं, आणि तो शब्द फ्रेंचमध्ये कायमचा डागाळला. मराठी 'हातमिळवणी'ला निदान त्या फोटोची आठवण येते. सहकार्याला नाही.

नाटकवेडी
हातमिळवणीत दोघं बरोबरीचे वाटतात, माझा कारकून तर उभाच असतो त्यांच्यासमोर. पण 'काम नीट केलं' हे फार लागलं. मी त्याला नाखुशीनं काम करताना दाखवलं होतं. आता तो याद्या वर्णानुक्रमे लावेल.

ओसरी
मधेच बोलते. आजी म्हणायची, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. यात दांड्याचा हेतू कुणी विचारत नाही. तो लाकडाचाच आहे आणि लाकडावरच चालतो, एवढंच म्हण सांगते. दांडा नसता तर नुसतं पातं काय तोडणार होतं? तुमच्या नाटकाचं नाव 'दांडा' ठेवा.

वाईकर
आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत 'दांडा'? पडदा उघडायच्या आधी शिट्ट्या येतील.

नाटकवेडी
'गोतास काळ' ठेवते. आता बाईचं बघू. दिग्दर्शकानं पोस्टरवर 'नैतिक धैर्याची कहाणी' लिहिलंय आणि मला ते दहावीच्या निबंधासारखं वाटतंय. धाडसी म्हटलं की गिर्यारोहण डोळ्यांसमोर येतं. बाणेदार कसं?

दप्तरी
बाणेदार म्हटलं की रामशास्त्री. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. पण बाणेदारपणाला समोर आपलाच धनी लागतो, दरबार लागतो, सडेतोड वाक्य लागतं. तुमची बाई बोलतच नाही.

माझ्या मते तिच्यासाठी मराठीत नाम नाहीच, क्रियापद आहे, आणि तेही बहुतेक नकारातच येतं: 'ती बधली नाही.' बधणं म्हणजे धमकीला, लालचीला, गोडीगुलाबीला वश होणं. तीनही प्रकारांना एकच क्रियापद पुरतं. आणि 'बधला नाही' असं म्हणताना तो जिंकला, वाचला, कुणाला वाचवलं, यातलं काही गृहीत नसतं. चेर्न्याकूवबद्दलही ते म्हणता येतं, कान्होजींबद्दलही.

वकीलकाका
खरं आहे. फितूर न झालेल्या साक्षीदारालाही आम्ही काही नाव दिलेलं नाही. त्याला नुसतं साक्षीदारच म्हणतात.

नाटकवेडी
मग असं करते. शहरातले लोक त्याला पाठीमागे फितूर म्हणतील, परग्रहवाल्यांच्या कागदावर तो 'रुजू' असेल, त्याची बायको 'दबले हो ते' म्हणेल. तो स्वतः शेवटपर्यंत 'माझ्याकडे ते टेबल आहे' एवढंच म्हणेल. बाईबद्दल एकच वाक्य, तेही शिपायाच्या तोंडी: "बाई बधल्या नाहीत." पोस्टरवरचं नैतिक धैर्य काढून टाकायला दिग्दर्शकाशी भांडावं लागेल, ते बघते.

ओसरी
संहितेत एक दुरुस्ती कराल का? तुम्ही दोन ठिकाणी 'फितूरी' लिहिलंय. फितूर मधला तू दीर्घ, कारण तो अकारान्त शब्दाचं उपान्त्य अक्षर. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फितुरी, फितुराला, फितुरांचा. 'फितूर झाला' मध्ये दीर्घच राहील.