बँक, बाक, पेढी आणि मगरीचं बीळ

(बडोद्यातल्या मराठी मंडळींचं बोलणं. प्रत्येकाच्या नावाऐवजी शहरातला त्याचा भाग दिला आहे.)

कारेलीबाग : आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरींवरचं चार पानी इंग्रजी टिपण शाळेतल्या मुलांसाठी मराठीत करतेय. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हापासून मुलांचे प्रश्न थांबत नाहीत. एका वाक्यावर दोन दिवस अडलेय : मगरी नदीच्या 'बँक'मध्ये बीळ खणतात. 'काठात बीळ' कानाला खटकतं. काठ म्हणजे कड. काठावर बसता येतं, पण काठात खणणार कसं? आणि 'तीर' म्हटलं की स्तोत्र म्हणतोय असं वाटतं. शब्द सुचवा.

रावपुरा : ताई, 'भेखड' लिहा. काळाघोड्याच्या पुलावरून बाबा दाखवायचे, "ती बघ, भेखडीवर ऊन खातेय." दुसरा शब्द मी घरात ऐकलेला नाही.

दांडिया बाजार : भेखड गुजराती आहे. आपल्याकडे 'दरड' हा नेमका शब्द असताना उसना कशाला? जन्म बडोद्यातला, बाहेर दिवसभर गुजराती बोलतो. म्हणूनच लिहिताना तरी मराठी जपायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रावपुरा : काका, दरड कोसळते ती घाटात, पावसाळ्याच्या बातम्यांत. इथल्या मुलांनी घाट पाहिलेला नाही. भेखड मात्र शाळेत जाता-येता दिसते.

सयाजीगंज : ताईंची अडचण इंग्रजी शब्दाच्या मुळातच आहे. नदीची 'बँक' स्कँडिनेव्हियाकडून इंग्रजीत आली. मूळ अर्थ मातीचा उंचवटा. म्हणून विमान वळताना एका अंगावर कलतं, त्यालाही बँकच म्हणतात. काठ ही नुसती रेघ झाली, बँकेला अंग आहे. पैशांची बँक इटलीची. 'बांका' म्हणजे सराफाचं बाकडं. पण मागे गेलं की दोन्ही एकाच जुन्या जर्मानिक शब्दाला मिळतात. आपला शाळेतला 'बाक' पोर्तुगीज 'बांको'वरून आला, म्हणजे तोही त्याच घरातला. गुजरातीतला 'बांकडो' त्याचाच भाऊ. सुरसागर तलावाच्या पाळीवर बांकड्यावर बसलेला माणूस आणि सयाजीराव महाराजांनी १९०८ साली काढलेली बँक ऑफ बडोदा, दोघांचं गोत्र एक!

दांडिया बाजार : मग आपली 'पेढी' बघा. पीठ, पीढी, पेढी. तीही बसायची जागाच. तिकडे बाकड्यावरून झालं तेच इकडे पीठावरून झालं, कुणाचं न बघता. या शहरात हरिभक्तींची पेढी होती, संस्थानाला पैसा पुरवणारी. इतका भरलेला शब्द आपण सोडला याचं वाईट वाटतं.

मांजलपूर : सोडला कुठे? रक्तपेढी, पतपेढी रोज म्हणतो. बँकेसाठी 'अधिकोष' बनवला, तो कुणी तोंडात घेतला नाही. पेढी आधीपासून तोंडात होती, म्हणून रक्तपेढी रुजली. शब्द ठरवून रुजत नाहीत, काका.

रावपुरा : 'बँकरप्ट'ही त्याच बाकड्याचा. 'बांका रोत्ता', मोडलेलं बाकडं. आपल्याकडे दिवाळं. आजी सांगायची, पेढी बुडाली की सराफ भरदिवसा दारात दिवा लावायचा. त्यावरून दिवाळं.

मांजलपूर : गुजरातीत 'देवाळुं' आहे आणि 'देवुं' म्हणजे कर्ज. आपल्या 'देणं'शी थेट जुळतं. दिव्याची गोष्ट मागाहून चिकटली असणार.

दांडिया बाजार : पण गुजराती माणूस देवाळुं 'फुंकतो', म्हणजे दिवाळं काढतो. फुंकतात तो दिवा. कर्ज कुणी फुंकत नाही.

मांजलपूर : काका, पैसाही फुंकतात, घरदारही फुंकतात. शिवाय आजींच्या गोष्टीत सराफ दिवा लावतो, विझवत नाही.

कारेलीबाग : सगळं वाचतेय, छान चाललंय. पण टिपण शुक्रवारी छापायला द्यायचंय. तूर्त 'दरडीत बीळ खणतात' लिहून पुढे कंसात भेखड टाकलंय. चालेल?

दांडिया बाजार : कंस काढा.

रावपुरा : दरड काढा, भेखड बाहेर आणा.

सयाजीगंज : 'फुंकणे'वरून आठवलं. आजोबांच्या हिशेबाच्या चोपड्यात एका आसामीपुढे मोडी लिपीत 'देवाळें' लिहिलेलं आहे, 'दि' नव्हे, 'दे'. चोपडा माळ्यावर आहे. रविवारी काढतो आणि फोटो टाकतो.

मांजलपूर : सालही बघा हं, आणि त्या आसामीचं देणं किती होतं तेही.