एन-एट-एन कंटेनरवर चढवलं, रात्रीत सगळे वर्कफ्लो गायब

प्रश्न: वाचनालयाच्या सभासदांना पुस्तक परत करायची आठवण पाठवायला एन-एट-एन (n8n, कामं आपोआप करून घेणारं साधन) एका क्लाउड कंटेनर सेवेवर (इंटरनेटवरच्या सर्व्हरवर प्रोग्रॅम स्वतंत्र डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी सेवा) चढवलं. पोर्ट ५६७८ दिलं, छान चाललं. आज उघडलं तर नवीन खातं मागतंय! तीन रात्री जागून केलेले ११ वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या) गेले.

उत्तर १: मुळातला डेटाबेस तसाच ठेवलात ना? एन-एट-एन मुळात सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या, कंटेनरमधल्याच फाइलीत ठेवतं. कंटेनर गेला की फाइलही गेली. पोस्टग्रेस हा डेटाबेस कंटेनरबाहेर वेगळा घ्या.

उत्तर २: एन्क्रिप्शन कीसुद्धा (साठवलेले पासवर्ड कुलूपबंद करणारी किल्ली) स्वतः ठरवून सेवेच्या सीक्रेटमध्ये (गुप्त माहितीच्या साठ्यात) ठेवा, नाहीतर नव्या कंटेनरला जुने पासवर्ड उलगडणार नाहीत. आणि किमान एक इन्स्टन्स (कंटेनरची चालती प्रत) कायम चालू हवा. तो झोपला की ठरल्या वेळेची आठवण जातच नाही.

प्रश्नकर्ता: पोस्टग्रेस जोडलं, कंटेनर मुद्दाम बंद करून पाहिला. चाचणीचा वर्कफ्लो जागेवर! दोघांचेही मनापासून आभार.