अनुभव धागा: ऑस्करच्या सीझनमध्ये काय बघितलंत, कुठं बसून आणि कोणाबरोबर?

२०२६ च्या ऑस्करची नॉमिनेशन आल्यापासून जिथं तिथं याद्या चालू आहेत, हा जिंकणार तो हरणार, आणि त्या सगळ्या मुंबई-पुण्याच्या लोकांच्या, ज्यांच्या घराखालीच मल्टिप्लेक्स आहे. आपल्याकडे सिनेमा बघायचा म्हणजे आधी रजा, मग गाडी, मग घाट नाहीतर हायवेचं काम. नाहीतर मोबाईल. म्हणून म्हटलं आपला एक धागा काढू. नियम एकच, स्टार द्यायचे नाहीत. सिनेमा कुठं बघितला, शेजारी कोण होतं आणि काय वाटलं एवढंच लिहायचं. या वर्षीचाच पाहिजे असं नाही, मागच्या सीझनचाही चालेल, आपल्याकडे तसंही सगळं उशिराच पोचतं.

सुरुवात मीच करतो. रत्नागिरीत राहतो, त्यामुळे मागच्या सीझनला पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट'वरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी फ्रान्सच्या कान महोत्सवात पण झाली नसेल. तिथं २०२४ ला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस मिळालं, तीस वर्षांनी भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत गेला, हे सगळं मी आईला सांगितलं. तिचा प्रश्न, "पण आपली रत्नागिरी कधी दाखवतात?" अर्धा सिनेमा मुंबईचा पाऊस आणि लोकल. तोवर ती लसूण सोलत होती. मग छाया कदमचं पात्र मुंबई सोडून गावी येतं, बंद घर उघडतं, आणि आईच्या हातातला लसूण तिथंच थांबला. बंद घर उघडल्यावर जो वास येतो ना तो तिला तिथं बसून आला असणार. मला विचाराल तर तो वर्षाचा सगळ्यात चांगला सिनेमा होता आणि आपल्याकडून ऑस्करला तोच जायला हवा होता. गेला 'लापता लेडीज', आणि तो शॉर्टलिस्टच्या आधीच बाद झाला. म्हणजे बघा, दोन्हीकडे छाया कदमच.

मालवणहून

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचा होमस्टे आहे, ऑफ सीझनला रात्री मी आणि माझी मोठी जाऊ टीव्ही लावून बसतो. हाच सिनेमा आम्ही दोन रात्रीत बघितला कारण वहिनींना सबटायटल वाचायला वेळ लागतो आणि मल्याळम पटापट बोलतात. त्यातल्या नर्सला जर्मनीहून नवऱ्याने पाठवलेला, म्हणजे बहुतेक त्यानेच, राईस कुकर येतो आणि ती एका रात्री खाली बसून त्या कुकरला मिठी मारते. मी म्हटलं काय हे. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान अकरा वर्षं गल्फला होते. आमच्या माळ्यावर अजून एक मिक्सर आहे, खोक्यातच आहे, तिथला प्लग इथं बसत नाही म्हणून कधी वापरलाच नाही आणि टाकू पण देत नाहीत. मला आजवर वाटायचं चिकटपणा आहे.

बाकी एक तक्रार. रात्री उशिरा किनाऱ्यावरच्या खोपटीत दिवे लावून बसलेत आणि डास नाहीत?

चिपळूणहून

आमचा सिनेमा 'फ्लो', मागच्या वर्षीचा ॲनिमेशनचा ऑस्कर ज्याला मिळाला तो लाटव्हियाचा. मांजराचा आहे, अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही, आणि म्हणे ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर बनवला. मुलीला दाखवायला लावला. ती सहा वर्षांची, म्हणजे २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात दीड वर्षाची होती, तिला काही आठवत नाही. मला आठवतं. सिनेमात सुरुवातीला लाट येते, पण नंतर पाणी नुसतं चढत जातं, मांजर एक पायरी वर, पाणी एक पायरी वर. अगदी तसंच होतं. आम्ही जिन्यावर बॅटरी मारून मोजत होतो, पाचवी गेली, सहावी गेली. वाशिष्ठीच्या पाण्याला जो वास होता डिझेलचा आणि चिखलाचा तो सिनेमात येणार नाही, पण ती शांतता आहे. पाणी चढताना आवाज होत नाही हे ज्याने केलंय त्याला माहिती आहे.

मुलगी म्हणाली बाबा मांजर वाचलं ना मग तू का उठून गेलास. मी म्हटलं गॅस बघायला.

आता त्या सीझनला याच्यासमोर मोठमोठ्या स्टुडिओंचे कोट्यवधींचे सिनेमे होते आणि जिंकलं हे मांजर. पुरस्कारवाल्यांवर माझा फार विश्वास नाही पण हे एक बरोबर केलं.

वेंगुर्ल्याहून

'द ब्रुटलिस्ट'. तीन तास पस्तीस मिनिटं. दिग्दर्शकाने मध्ये पंधरा मिनिटांचं इंटरमिशन सिनेमातच घालून दिलंय. आमच्याकडे त्याच्याआधी लाईट गेली ती दोन तासांनी आली, मग त्याचं इंटरमिशन आम्ही उभ्या उभ्या बघितलं. एड्रियन ब्रॉडी भारी. पहिला भाग भारी. दुसरा भाग कोणाला कळला असेल तर सांगा.

आरवलीहून

वेतोबाच्या, म्हणजे भुतांच्या राजाच्या गावात राहून मी 'सिनर्स' रात्री एकट्याने हेडफोन लावून बघितला, चूक माझीच. या वर्षी १६ नॉमिनेशन आहेत त्याला, इतिहासात एवढी कोणालाच नव्हती, आधीचा रेकॉर्ड १४ चा होता. १९३२ चं मिसिसिपी, दोन जुळे भाऊ (दोन्ही मायकेल बी. जॉर्डनच) गावात परत येऊन गाण्याबजावण्याचा अड्डा उघडतात, आणि रात्री दारात पिशाच्चं येऊन उभी राहतात. त्यांचा नियम असा की आतून कोणी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. आता हे अमेरिकेत हॉरर असेल, आम्हाला आजीने तिसरीत असताना सांगितलंय, रात्री कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. त्यामुळे सिनेमातलं एकेक माणूस दार उघडायला उठलं की मी इथं "अरे नको रे" करत होतो आणि बायको आतून विचारते, कोणाशी बोलतोयस.

त्यात एक गाणं आहे, एक पोरगा गिटार वाजवतो आणि त्या खोलीत त्याचे मेलेले पूर्वज आणि अजून जन्माला न आलेले सगळे येऊन नाचायला लागतात. एवढ्या एका दृश्यासाठी चार ऑस्कर द्या. आपल्याकडे गाऱ्हाण्यात तेच तर करतात, बारा-पाचाच्या देवा म्हणून सुरू झालं की गेलेले राहिलेले सगळे बोलावून घेतात, फक्त गिटार नसते. आयमॅक्सच्या कॅमेऱ्यावर शूट केलाय तो सिनेमा, मी बघितला साडेसहा इंचावर. शेवटच्या अर्ध्या तासातली मारामारी मात्र नेहमीची वाटली.

खेडहून

'होमबाऊंड'बद्दल कोणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. भारताची या वर्षीची एन्ट्री, नीरज घेवानचा, पंधराच्या शॉर्टलिस्टपर्यंत गेला आणि शेवटच्या पाचात नाही आला. माझं मत विचारू नका कारण मी तो पूर्ण बघितलेला नाही. दोनदा लावला, दोन्ही वेळा एकाच जागी बंद केला.

दोन मित्र सुरतच्या मिलमध्ये असतात, लॉकडाऊन लागतो आणि ते घरी निघतात. मी मे २०२० मध्ये भांडुपहून निघालेलो. आम्ही तिघे. पनवेलपर्यंत भाजीच्या टेम्पोत ताडपत्रीखाली, पुढं पायी. हायवेला पोलीस परत पाठवत होते म्हणून काही ठिकाणी रुळावरून चाललो, रात्रीच. सिनेमात उन्हाळा दाखवलाय तो बरोबर आहे, पण खरा त्रास पायाला होतो. मोजा फोडाला चिकटतो आणि तो काढायचा की नाही यावर आम्ही तिघं अर्धा तास भांडलो होतो, माणगावच्या आसपास, एका बंद टपरीच्या बाकावर. त्या भांडणात एकजण रडला, कोण ते लिहीत नाही, तो हे वाचेल.

गावच्या वेशीवर बांबू आडवा लावलेला. आपलीच माणसं पलीकडे तोंडाला रुमाल बांधून. राग नव्हता आला, खरं सांगतो, त्यांच्या जागी असतो तर मीही लावला असता. चौदा दिवस शाळेत ठेवलं. आई डबा गडग्यावर ठेवून वीस पावलं मागं जाऊन उभी राहायची आणि मी खाईपर्यंत तिथंच. नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. बोलायचो मोठ्याने ओरडून, त्यामुळे सगळ्या वाडीला आमच्या घरचं सगळं कळलं.

तर सिनेमात एक मित्र आजारी पडतो आणि दुसरा त्याला मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसतो. तिथं बंद केला. न्यूयॉर्क टाइम्सच्या ज्या लेखावरून केलाय त्यात काय झालं ते मला माहिती आहे, त्यामुळे शेवटही माहितीच आहे. नॉमिनेशन मिळालं नाही म्हणून बरेच जण हळहळले. माझी बायको म्हणाली, तूच शेवटपर्यंत नाही बघितलास, ते लोक कशाला बघतील. या वर्षीपासून म्हणे नियम केलाय, ज्या विभागात मत द्यायचं त्यातले नॉमिनेशनवाले सगळे सिनेमे बघावेच लागणार. आधी न बघताच देत होते काय?

दापोलीहून

मी शिक्षिका आहे. राष्ट्रीय पुरस्कार पण सीझनमध्ये धरत असाल तर, ऑगस्ट २०२५ ला २०२३ च्या सिनेमांचे जाहीर झाले आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट 'श्यामची आई', सुजय डहाकेंचा. पालगड आमच्या तालुक्यातलं, साने गुरुजींचं गाव, म्हणून शाळेत प्रोजेक्टरवर दाखवला. अख्खा ब्लॅक अँड व्हाईट. दहा मिनिटांत एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, कलर गेलाय, वायर हलवू का?" मी म्हटलं तसाच आहे. मग बसले बिचारे. मला स्वतःला तो थोडा जास्तच देखणा वाटला, गरिबी इतकी सुंदर फ्रेममध्ये दिसली की जरा अवघडल्यासारखं होतं. अत्र्यांच्या जुन्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कारांतलं पहिलं सुवर्णपदक मिळालं होतं, तो मी माझ्या आजीच्या मांडीवर दूरदर्शनवर बघितलाय आणि तिच्या रडण्याने मी रडले होते. तुलना करू नये हे कळतं. वायर हलवू का विचारणारा मुलगा मात्र शेवटी सगळ्यात मागं जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता.

जिल्हा लिहीत नाही

'साबर बोंडं'. रोहन कानवडेंचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात २०२५ ला वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी बक्षीस मिळालं. बाप गेल्यावर मुलगा दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी येतो, सुतकाचे सगळे नियम पाळतो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि तिथं त्याचा लहानपणचा मित्र असतो. ठाण्यात सकाळच्या शोला एकटा गेलो होतो. आमच्यात घाटावरच्यासारखं नसतं सगळं, पण दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा काकांनी जे जे कबूल केलं बाबांच्या नावाने, त्यात "याचं लग्न लावून देतो" पण होतं. आणि कावळा शिवला. मी तेव्हा मान खाली घालून उभा होतो.

सिनेमात कोणी ओरडत नाही, कोणी पकडलं जात नाही. मला वाटत होतं आता होईल, आता होईल. नाही झालं.

कुडाळहून

आता आमचो. 'दशावतार'. १२ सप्टेंबरला लागला आणि आमच्या वाडीतून दोन गाड्या भरून गेल्या, बाबांना घेऊन. बाबांनी बत्तीस वर्षं दशावतारात काम केलं, जास्त करून स्त्रीपार्टी, आता गुडघे गेले. थिएटरमध्ये अर्धे प्रेक्षक एकमेकांना ओळखणारे, त्यामुळे पडद्यावर कोणाचं घर दिसलं की सिनेमा बाजूला.

दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी हे करतात यावर मी काय बोलणार. पहिला भाग अस्सल आहे, रंगपटातला कंदील, पेटाऱ्यावरचा आरसा, सगळं. दुसऱ्या भागात खाण येते, सूड येतो, तिथं तो सिनेमा होतो, मला थोडा लांबला. बाबांना उलट तोच आवडला, म्हणाले राक्षस मारल्याशिवाय नाटक कसा संपतला? त्यांची हरकत वेगळीच. रंग लावताना माणूस आरशात बघत नाही एवढं. पहिली दहा वर्षं बघतो, मग हात आपोआप जातो. घरी आल्यावर मला बसवून दाखवलं, डोळे मिटून, कोरड्या बोटाने, भुवई, गाल, ओठ. बोट थरथरत होतं पण भुवई दोन्हीकडे सारखी.

मी त्यांना सांगितलं ऑस्कर १६ मार्चला आपल्या पहाटे साडेचारला सुरू होतंय, मी उठून बघणार आहे. ते म्हणाले, "पाटे? मगे माणसा जागी कशी रवतत? चाय असता काय थंय?"