‘केळीचे भाव कोसळले’ : मथळ्याची जबाबदारी कोणाची?

रावेरचा केळीवाला

आमचा केळीचा बाग रावेर तालुक्यात आहे. मागच्या हंगामात आमची कापणी ठरलेली होती, त्याच सकाळी पेपरात पहिल्या पानावर चार कॉलमी मथळा आला : ‘केळीचे भाव कोसळले’. बातमी नीट वाचली तर पडले होते वापसीचे भाव, म्हणजे हलक्या प्रतीच्या मालाचे. नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या चांगल्या मालाचा भाव होता तिथंच होता. तसं छापलंही होतं, पण चौथ्या परिच्छेदात.

आठ वाजता व्यापाऱ्याचा माणूस बागेत आला. मोबाइलवर त्या मथळ्याचा फोटो. “भाऊ, पेपरलाच आलंय.” क्विंटलमागे २०० रुपये तोडले. मी त्याला चौथा परिच्छेद दाखवला, त्यानं नजरसुद्धा टाकली नाही. मजूर आलेले, गाडी उभी. तयार झालेला घड झाडावर किती दिवस ठेवणार? पिकायला लागला की लांबच्या गाडीत कोणी चढवत नाही. दिला माल.

ज्यानं बातमी लिहिली त्यानं खोटं लिहिलं नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या बागेत बातमी आलीच नाही, मथळा आला. वर अर्धवट आणि खाली पूर्ण, असं छापलं तर ते अर्धवटच छापलं असं मी धरतो. तुम्हाला काय वाटतं?

डेस्कवरचा (निवृत्त, जळगाव)

भाऊ, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण तीस वर्षं उपसंपादक म्हणून मथळे केले आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

बातमी तालुक्याचा वार्ताहर पाठवतो, मथळा करतो डेस्कवरचा माणूस. त्यानं रावेरचा बाजार पाहिलेला असेलच असं नाही. रावेर, यावल, चोपड्याकडं जाणाऱ्या गाड्या लवकर निघतात, म्हणून डाक आवृत्तीची पानं आधी सोडावी लागतात. चार कॉलमांत मोठ्या टाइपात तीन-चार शब्द बसतात, फार तर पाच. त्यात क्रियापद हवं, विषय हवा, आणि चहाच्या टपरीवर पेपर चाळणाऱ्याचा हात थांबायला हवा. हात थांबलाच नाही तर खालचा चौथा परिच्छेद कोणासाठी लिहायचा?

आणि जोरकस मथळा म्हणजे पाप नव्हे. ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’त टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा मथळा दिला. पुण्यात प्लेगचा कहर नुकताच होऊन गेलेला, प्लेगचा अधिकारी रँडच्या खुनानंतर सरकारची दडपशाही सुरू. तिथं ‘प्रशासनाच्या धोरणाविषयी काही विचार’ असा मथळा दिला असता तर आज कोणाला आठवला असता? वाचकानं बातमी पूर्ण वाचायची जबाबदारीही घ्यावी.

धुळ्याचा मास्तर

साहेब, टिळकांचं उदाहरण इथं लागू पडत नाही. तो अग्रलेख होता. मत म्हणूनच छापला आणि मत म्हणूनच वाचला गेला. त्या मतासाठी टिळक न्यायालयात उभे राहायला तयार होते आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगातही गेले. भावाच्या बातमीवरचा मथळा कोणाचंच मत नसतो, म्हणून लोक त्याला खरं धरून चालतात.

“पूर्ण वाचा” हा उपायही पुरत नाही. २०१४ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना पूर्ण बातम्या वाचायला देऊन तपासलं. मथळा थोडासा जरी दिशाभूल करणारा असला, तरी बातमी संपल्यावरही तो वाचकाच्या आठवणीवर आणि त्यानं काढलेल्या निष्कर्षावर परिणाम करतो, असं त्यांना दिसलं. बातमी आपण मथळ्याच्या चष्म्यातूनच वाचतो.

मला मात्र यापेक्षा जवळचं एक उदाहरण सोडत नाही. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा मोबाइलवरून पसरली होती, ते पेपरांच्या माथी मी मारत नाही. पण असल्या मेसेजची भाषा आठवून बघा. ‘टोळी आली आहे, सावध राहा.’ कोण, कुठं, कधी, कोणी पाहिलं, काहीच नाही. नुसता मथळा, खाली बातमीच नाही. मथळ्यावरच भागवायची सवय लागलेल्या माणसाला खालची रिकामी जागा दिसतच नाही.

अशा घटनेचा मथळा दोन तऱ्हांनी करता येतो. ‘मुले चोरल्याच्या संशयावरून पाच जणांची हत्या’ आणि ‘अफवेमुळे पाच निरपराधांची हत्या’. दोन्ही बसतात, दोन्हींत क्रियापद लागत नाही. पहिल्यात मेलेला माणूस मेल्यावरही संशयित राहतो. वर्गात मी दोन्ही फळ्यावर लिहून मुलांना विचारतो, या माणसांच्या घरी कोणता पेपर पाठवाल?

धडगावकर

मास्तरांचं पटतं, तरी मी डेस्कवरच्या साहेबांच्या बाजूनं आहे. इथं सातपुड्यात पावसाळ्यात पाड्यावरची बाई बाळंतपणासाठी बांबूच्या झोळीतून खाली आणावी लागते. अर्ज करून, ठराव करून, निवेदनं देऊन आम्ही थकलो. मग पेपरात झोळीचा फोटो आणि वर मोठ्या टाइपात मथळा आला की अधिकाऱ्यांच्या गाड्या दिसतात. ‘रस्त्याअभावी गैरसोय’ अशी मुळमुळीत बातमी आतल्या पानावर कितीदा आली, कोणी विचारलं? आमच्याकडचं कुपोषण मुंबईपर्यंत पोचलं ते मोठ्या अक्षरांमुळेच. आमचा आवाज आधीच बारीक, त्यात मथळेही बारीक करा म्हणता?

एक तक्रार मात्र मीही करतो. बाई वाटेत दगावली की कधीकधी मथळ्यात ‘अंधश्रद्धेचा बळी’ असं येतं. रस्ता गेला कुठं? बळी कशाचा हे ठरवणारा तो एक शब्द रस्ता बांधायची जबाबदारी पुसून टाकतो.

भुसावळ, तापीकाठ

हाच अनुभव महामार्गाचा. ‘दुचाकी घसरून तरुण ठार.’ दुचाकी काय हौसेनं घसरते? खड्डा बातमीत असतो, मथळ्यात नसतो. धडगावकर, तुमचा मुद्दा मोठ्या आवाजाचा आहे, केळीवाल्या भाऊंचा अपुऱ्या आवाजाचा. तुम्ही दोघं भांडताय असं मला वाटत नाही.

तापीवरच्या हतनूर धरणाचा दरवर्षीचा आणखी एक मथळा म्हणजे ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’. पुण्या-मुंबईहून फोन सुरू : “घरात पाणी आलं का?” दरवाजे किती उघडले यापेक्षा किती मीटरनं उघडले आणि किती क्युसेक पाणी सुटलं, हे महत्त्वाचं. अर्ध्या मीटरनं उघडलेले ४१ आणि पूर्ण वर उचललेले ४१ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चोपड्याची शेतकरीण

भुसावळच्या दादा, हे मला मान्य नाही. आमचं शेत तापीच्या पार काठाला आहे. त्या मथळ्यानं पुण्याचा पाहुणा घाबरत असेल, पण आम्ही मोटर आणि गुरं वर काढून घेतो. क्युसेक मला कळत नाही, दरवाजे कळतात. एखाद वेळी उगाच धावपळ झाली तर झाली. पुराचा मथळा मोठाच हवा.

पण भावाचा मथळा तसा चालणार नाही. मोटर उगाच वर काढली तर ती परत खाली नेता येते. विकलेली केळी परत येत नाही. माझे सासरे म्हणतात, “बातमी कोन वाचस, हेडिंग वाचीसन भाव ठरस.” म्हणून पूर आणि बाजार एका मापानं मोजू नका.

डेस्कवरचा (निवृत्त, जळगाव)

ताईंनी जो भेद केला तो मी तीस वर्षांत असा स्पष्ट केला नव्हता. मथळा चुकला तर त्याची किंमत कोण मोजणार, हे बघून मथळ्याचा आवाज ठरवायला हवा.

नियम आहेतच. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिलंय की मथळा सनसनाटी नसावा, खालच्या मजकुराला धरून असावा, आणि आरोप असेल तर तो कोणाचा ते मथळ्यात यावं, निदान अवतरणचिन्ह तरी असावं. पण कौन्सिल ताशेरे मारू शकते, ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही. आणि अवतरणचिन्ह टपरीवर कोणाला दिसतं? आम्ही ते टाकून मोकळे व्हायचो, हे कबूल करतो.

तरी केळीवाल्या भाऊंना एक विचारतो. त्या रात्री माझ्या जागी बसून तुम्ही काय मथळा केला असता? जागा तेवढीच, चार कॉलम.

रावेरचा केळीवाला

‘वापसी केळीचे भाव कोसळले’. एक शब्द जास्त.

डेस्कवरचा (निवृत्त, जळगाव)

बसतो. टाइप एक घर खाली आणावा लागेल, पण बसतो. माझी शंका वेगळी आहे. वापसी म्हणजे काय, हे धुळ्या-नंदुरबारच्या किती वाचकांना कळेल?

रावेरचा केळीवाला

साहेब, तो पेपर रावेरच्या आवृत्तीचा होता. इथं शाळेतल्या पोरालाही कळतं.