शास्त्रवाचनानंतरच्या आनंदाला मराठीत काय म्हणायचं?

हडपसरकर :
मंडळी, घाईचा प्रश्न आहे. रविवारी आमच्या नव्या घरात उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची ख्रिस्ती उपासना आहे, आणि क्रमाचं पत्रक छापायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश हे सगळं ठीक. वाचन आहे बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १००. ते संपल्यावर सगळ्यांनी मिळून, मोठ्याने, आनंदाने देवाची स्तुती करायची असा एक भाग पाळकांनी सुचवलाय. त्याला मथळा काय द्यावा? मी 'स्तुतीपर प्रतिसाद' लिहिलं, तर आत्या म्हणाली, "हे काय विमा कंपनीचं पत्र आहे?"

शनिवारातला :
आत्यांना नमस्कार सांगा. आधी शुद्धलेखन : समासात 'स्तुतिपर', 'ति' ऱ्हस्व. आता शब्द. 'स्तुती', 'स्तवन', 'स्तोत्र' तिन्ही 'स्तु' धातूचे. पण 'स्तुती'ला मराठीत एक कसर लागलीय. सभेत साहेबांचीही होते ती स्तुतीच, आणि 'स्तुतिपाठक' तर सरळ टोमणाच. 'स्तवन' त्यातून वाचलं, कारण ते माणसाचं कुणी करत नाही.

शिवाय स्तोत्र १०० च्या पहिल्या ओळीतलं मूळ हिब्रू क्रियापद आरोळी ठोकण्याचं आहे. त्याच धातूपासून आलेलं नाम रणशिंगाच्या आवाजाला आणि युद्धातल्या ललकारीलाही वापरतात. हात जोडून हळू आवाजात म्हणायची ही गोष्टच नव्हे. म्हणून माझं मत 'गजर'.

धायरी फाटा :
गजर? सकाळी साडेपाचचा लावायचा का?

शनिवारातला :
हसा. घरोघरी घड्याळं नव्हती तेव्हा प्रहर संपला की घंटेवर जलद टोल देत, तो गजर. नामाचा गजर आहेच. तुमच्या मोबाइलमधला सगळ्यात धाकटा.

हडपसरकर :
शब्द मला आवडला, पण काकांचं म्हणणं, हा वारकऱ्यांचा शब्द, उपासनेच्या पत्रकावर कसा चालेल?

कोरसमधली ताई :
काकांना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची आठवण करून द्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस. त्यांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ती देवळात आणली आणि 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून आपण ती अजून गातो. चाल चालते, मग शब्दाला का अडवायचं? मी पुण्याच्या पूर्व भागात वाढले. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते आणि पंचहौदाचं पवित्र नाम देवालय (चर्च) तिथून जवळच. पालखीच्या दिवशी गजर आमच्या घरातही ऐकू यायचा. आम्हाला तो परका शब्द कधी वाटला नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही सगळे नाम शोधताय. वाचनानंतर लोक प्रत्यक्षात काय बोलतात ते बघा : 'आमेन' आणि 'हालेलूया'.

'आमेन'ला पुष्कळ जण 'तथास्तु' म्हणतात. ते जमत नाही. तथास्तु देणारा म्हणतो. वर मागितला की देव म्हणतो तथास्तु. आमेन ऐकणारा म्हणतो. हिब्रू धातूचा अर्थ पक्कं असणं, भरवशाचं असणं. म्हणजे 'हे खरं आहे, आणि यात मीही आलो.' जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ग्रंथ उघडताच लोक उभे राहतात, हात वर करून 'आमेन, आमेन' म्हणतात, मग जमिनीला डोकं टेकतात. पुढे वाचन कळू लागल्यावर रडतात! तेव्हा त्यांना सांगितलं जातं की रडू नका, जा, गोडधोड खा-प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलं नसेल त्यांना ताट पाठवा. (हडपसरकर, उपदेशानंतर जेवण आहे ना? मग तुमचा क्रम शास्त्राला धरूनच आहे.)

आता 'हालेलूया'. 'हालेलू' हे आज्ञार्थी अनेकवचन, 'स्तवन करा', आणि 'याह' हे परमेश्वराच्या नावाचं लहान रूप. मराठी स्तोत्रसंहितेत 'परमेशाचे स्तवन करा' असं येतं. 'परमेश्वर' नाही, 'परमेश'! मूळ नाव आखूड म्हणून मराठीतही आखूड केलं. भाषांतर करणाऱ्याच्या या कारागिरीवर मी फिदा आहे. प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात मात्र शब्द जसाच्या तसा ठेवलाय. नव्या करारात तो तेवढ्याच एका अध्यायात, एकोणिसाव्यात, चार वेळा येतो.

आणि गंमत बघा, हा प्रतिसाद असून आज्ञा आहे. मी हालेलूया म्हणते तेव्हा देवाशी बोलत नसते, शेजारणीला सांगत असते की तूही गा. तीही मला तेच सांगते. जो तो दुसऱ्याला सांगतोय, आणि त्या सांगण्यातच स्तवन होऊन जातं.

शनिवारातला :
वा! मग 'बोला पुंडलिक वरदे'मधला 'बोला' तोच की. फक्त तिथे सांगणारा एक आणि म्हणणारे बाकीचे. इथे सगळेच बोलावणारे. 'स्तुतिपर प्रतिसाद'मध्ये हे काहीच उरत नाही, आत्या बरोबर होत्या.

मूळचा वसईचा, आता वानवडी :
कॅथलिक बाजूने सांगतो. आमच्याकडे 'आलेलुया' वाचनानंतर नाही, शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या वाचनाच्या आधी येतं. सगळे उभे राहून गातात, जे ऐकायचंय त्याचं स्वागत म्हणून. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ते बंद, एकदम पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री परत येतं. चाळीस दिवस तोंडातला शब्द काढून घेतला की परत मिळताना अंगावर काटा येतो. आणि वाचनानंतरचे प्रतिसादही दोन वेगळे आहेत. पहिल्या वाचनाला देवाचे आभार, शुभवर्तमानाला ख्रिस्ताची स्तुती. तेव्हा 'आभार' आणि 'स्तुती' एकाच मथळ्यात कोंबू नका.

धायरी फाटा :
'हर्षोद्गार' कसा वाटतो?

कोरसमधली ताई :
नाटकातल्या कंसातल्या सूचनेसारखा. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. 'हर्षोद्गार' त्यांच्या हाताखालून सुटला नसता.

भोरचा शेतकरी :
मी ख्रिस्ती नाही, वाचत होतो. संत ऑगस्टिन यांनी स्तोत्रांवर लिहिताना अशा आनंदाला कापणीच्या वेळच्या गाण्याची उपमा दिलीय. कापणारे आधी शब्दांनी गातात, मग आनंद इतका भरतो की शब्द सुटतात आणि नुसता आवाज उरतो. आमच्याकडे त्याला भलरी म्हणतात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. कोयते थांबत नाहीत.

मूळचा वसईचा, आता वानवडी :
अगदी! जुन्या लॅटिन गायनात 'आलेलुया'च्या शेवटच्या 'या'वर लांबलचक आलाप असतो, शब्दाविना.

हडपसरकर :
सगळ्यांचे आभार. पत्रक असं करतेय :

शास्त्रवाचन : स्तोत्र १००
जयजयकार : सर्वांनी उभे राहून

'गजर' मला हवा होता, पण काकांशी घराच्या पहिल्याच उपासनेत वाद नको. तसाही आमच्या मराठी शास्त्रात त्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत 'जयजयकार' आहे, म्हणजे वाचलेलाच शब्द लोकांच्या तोंडी येईल. खाली 'हालेलूया' तीनदा. छापखाना सहाला बंद होतो. 'लू' दीर्घच ना?

शनिवारातला :
दीर्घ.

कोरसमधली ताई :
दीर्घ. आणि तीनदा छापलंत तरी तिसऱ्यांदा लोक थांबणार नाहीत, जागा सोडून ठेवा.