मदत हवी आहे: मोठ्या ऑफिससाठी राउटर घ्यायचाय, डेटाशीटवरचा वेग कितपत खरा धरायचा?

नमस्कार मंडळी, मुख्य ऑफिसचा राउटर बदलायचाय आणि निवड करायचं काम माझ्याकडे आलंय. साधारण ४ हजार लोक, ६५ शाखा, सगळ्या आयपीसेक टनेलने (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने) जोडलेल्या, आणि दोन वेगळ्या आयएसपीच्या (इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांच्या) १० जीबीपीएसच्या लाइन.

आत्ताचा राउटर घेतला तेव्हा कागदावर वेग भरपूर दिसत होता, नंतर कळलं की तो आकडा १५०० बाइटच्या पॅकेटवर आणि एन्क्रिप्शन बंद ठेवून मोजलेला. आता बघा, १० जीबीपीएसची लाइन मोठ्या पॅकेटने भरली तर सेकंदाला आठ लाखांच्या आसपास पॅकेट जातात, तीच ६४ बाइटच्या पॅकेटने भरली तर जवळपास १ कोटी ४९ लाख! राउटरचा घाम निघतो तो पॅकेटच्या संख्येने, आणि आमचे सगळे फोन आयपीवर, म्हणजे बारीक पॅकेट भरपूर. नॅट (आतले आयपी पत्ते बाहेरच्या पत्त्यांत बदलणं), क्यूओएस (महत्त्वाच्या ट्रॅफिकला आधी वाट देणं), टनेल, नेटफ्लो (कोण किती ट्रॅफिक वापरतंय याची नोंद) सगळं चालू असलं की सकाळी गर्दीच्या वेळी सीपीयू ९५ टक्क्यांवर जातो आणि फोनवर आवाज तुटतो, लोक वैतागतात आणि मलाही फार वाईट वाटतं. नेटफ्लो बंद केला की सुधारतं पण मग लाइन कोण खातंय तेच दिसत नाही.

तर नवीन घेताना व्हेंडरला नेमकं काय विचारू?

दुसरं, बीजीपीचं (इंटरनेटवरचे राउटर ज्याने एकमेकांना रस्ते सांगतात त्याचं) फुल टेबल, म्हणजे सगळ्या इंटरनेटच्या रस्त्यांची यादी घ्यायची, की नुसता डिफॉल्ट राउट, म्हणजे सगळं बाहेरचं ट्रॅफिक आयएसपीकडे ढकलणारा एकच रस्ता? ऑगस्ट २०१४ मध्ये टेबल ५ लाख १२ हजार राउटच्या पुढे गेलं तेव्हा कितीतरी जुने राउटर गडबडले होते, त्यामुळे मेमरीत काटकसर करायची भीती वाटते.

आणि साहेब म्हणतायत एकच मोठा घ्या, पॉवर सप्लाय दोन असले की झालं. मला दोन मध्यम हवेत. सॉफ्टवेअर अपग्रेड करताना रीबूट केला की ६५ शाखा बंद, हे त्यांना कसं पटवू?

प्रतिसाद:
दोनच घ्या, पण एक पडला तर उरलेल्याने सगळा भार एकट्याने पेलला पाहिजे हे धरून साइझ ठरवा, नाहीतर दोन घेऊन उपयोग नाही. बीएफडी (जोडणी तुटली की लगेच ओळखणारी सोय) पण लावा, बीजीपीचा होल्ड टाइम, म्हणजे समोरचा गेला असं धरण्याआधी वाट बघायचा वेळ, बऱ्याच ठिकाणी ९० किंवा १८० सेकंद असतो, तेवढा वेळ ट्रॅफिक खड्ड्यात जाऊ शकतो. फुल टेबल स्वतःचा एएस नंबर (बीजीपीत तुमच्या नेटवर्कची ओळख) असेल आणि कुठलं ट्रॅफिक कुठल्या लाइनने बाहेर काढायचं हे बारकाईने ठरवायचं असेल तरच, नाहीतर डिफॉल्ट राउट आणि आयएसपीचे स्वतःचे राउट पुरतात. व्हेंडरला विचारा की तुमची सगळी फीचर्स चालू ठेवून, आयमिक्स ट्रॅफिकवर (लहानमोठ्या पॅकेटच्या मिश्रणावर), एन्क्रिप्शनसकट किती वेग मिळतो, आणि डेमो युनिट मागून स्वतः मोजा. लायसन्सही नीट वाचा, एन्क्रिप्शनचा वेग कधीकधी लायसन्सनेच अडवलेला असतो.

धागाकर्ता:
खूप आभार. लायसन्सचं लगेच विचारलं, खरंच एन्क्रिप्शनचं वेगळं निघालं, कोटेशनमध्ये धरलंच नव्हतं! डेमोत ६५ टनेल एकदम तुटून परत जोडायला किती वेळ लागतो तेही मोजतो. अजून काय तपासू?